आमच्या कॉलेजात बीएवाल्यांना कॉम्प्युटर मिळाला त्याची गोष्ट

कॉलेजच्या पहिल्या मजल्यावर जिना चढून गेलं की उजव्या हाताला कॉम्प्युटर लॅब. दाराच्या वरच्या अर्ध्या भागाला काच आहे, तिथनं आतले कॉम्प्युटर दिसतात, सगळ्यांवर निळी कव्हरं. पहिली दोन वर्षं मी लॅब बघितली ती एवढीच, काचेतनं. आत पाय ठेवला तो पाचव्या सेमला आणि त्यासाठी काय काय करावं लागलं ते आठवतंय तोवर लिहून ठेवतेय, कारण अशी सरकारी डिग्री कॉलेजं बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी सगळीकडे आहेत आणि तिथंही बीए करणारी पोरंपोरी असणारच.

कॉलेजचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांनी आधी नाही म्हटलं त्यातल्याच काहींनी नंतर मदत केली, त्यामुळं नाव घेऊन कुणाला उघडं पाडायची माझी इच्छा नाही.

मी खानापूर तालुक्यातली, जांबोटीच्या पुढच्या एका खेड्यातली. शाळा मराठी मिडियमची, कन्नड एक विषय म्हणून होता, त्यामुळं वाचता येतं, बोलायला आलं तरी अडखळत. घरात फोन दोन, बाबांचा बटणाचा आणि दादाचा स्मार्टफोन. दादा उद्यमबागला फौंड्रीत कामाला आहे, फोन त्याच्याबरोबर जातो आणि तो शिफ्ट संपवून आला की मग माझ्या हातात येतो, तेव्हा रात्रीचे नऊ साडेनऊ झालेले असतात आणि पावसाळ्यात आमच्याकडं त्या वेळेला लाईट नसते, लाईट नाही तर टॉवर नाही. लॅपटॉप आमच्या अख्ख्या गल्लीत कुणाकडं नाही.

2022 ला पीयूसी, म्हणजे बारावी, झाल्यावर बीएला ॲडमिशन घेतलं, मराठी आणि हिस्ट्री. आमची बॅच एनईपीची, म्हणजे नव्या शैक्षणिक धोरणाची. कर्नाटकात 2021-22 ला ते डिग्रीला लागू झालं आणि 2024 ला सरकारनं चार वर्षांचा तो प्रकार काढून परत तीन वर्षांची डिग्री आणली, म्हणजे मधल्या तीनच बॅच त्यात सापडल्या. आम्हाला पहिल्याच वर्षी डिजिटल फ्लुएन्सी नावाचा पेपर होता, कम्पल्सरी. त्यात आर्टिफिशियल इंटेलिजन्स, बिग डेटा, क्लाऊड, ब्लॉकचेन, सायबर सिक्युरिटी. मी ते सगळं झेरॉक्स नोट्सवरनं पाठ केलं, ब्लॉकचेन म्हणजे काय ते पाच मार्कांचं उत्तर लिहिलं आणि पासही झाले. पण तोवर मी माऊस हातात धरला नव्हता. हे मला तेव्हाही लागलं होतं आणि आजही लागतं, कारण वरच्या मजल्यावर लॅब होती आणि खाली वर्गात मास्तर फळ्यावर खडूनं क्लाऊडचं चित्र काढत होते.

खरी ठिणगी पडली ती तिसऱ्या सेमच्या परीक्षेच्या फॉर्मला. आता आमच्याकडं ॲडमिशन, परीक्षा फॉर्म, फी, हॉल तिकीट, मार्क्स सगळं यूयूसीएमएस या सरकारी पोर्टलवर असतं. मी रात्री दादाच्या फोनवर फॉर्म भरत बसले, स्क्रीनला तडा गेलेला, सब्जेक्टची यादी सरकवताना बोट दुसऱ्याच पेपरवर पडलं आणि मला कळलंही नाही. सकाळी मैत्रिणीनं बघितलं म्हणून समजलं. मग सायबरवाल्याकडं गेले तर तिथं तीस जण उभे, शेवटची तारीख जवळ आलेली. त्यानं फॉर्मचे पन्नास घेतले, प्रिंटचे वेगळे. ओटीपी दादाच्या फोनवर जाणार, दादा फौंड्रीत, भट्टीजवळ फोन चालत नाही. दोन वेळा ओटीपीची मुदत संपली. तिसऱ्यांदा त्यानं सुपरवायझरला विचारून बाहेर येऊन नंबर सांगितला. त्या दिवसाचे माझे दोन तास हिस्ट्रीचे बुडाले.

घरी आल्यावर मी वहीच्या मागच्या पानावर वर्षभराचा सायबरचा खर्च मांडला. परीक्षा फॉर्म दोन वेळा, हॉल तिकीट, मार्क्स कार्डाची प्रिंट, एसएसपी या सरकारी पोर्टलवरचा स्कॉलरशिपचा फॉर्म (त्याला जातीच्या आणि उत्पन्नाच्या दाखल्याचा आरडी नंबर लागतो, तो चुकला की परत पहिल्यापासून), दोन असाईनमेंट टाईप करून घेतल्या त्या. सातशे साठ रुपये झाले. बाबा रोजगाराला जातात. सातशे साठ म्हणजे आमच्या घरात दोन दिवसांचा पगार.

दुसऱ्या दिवशी मी लॅबच्या अटेंडर अण्णांना विचारलं. ते दारासमोर स्टूल टाकून बसलेले.

"काय बघूलीस गं काचेतनं?"

"अण्णा, आत बसायला मिळंल काय? फॉर्म भरायचाय."

"बीसीए काय तू?"

"नाही, बीए."

"बीएला लॅब नाही बाळ. प्रॅक्टिकल आसंल तेंचीच लॅब."

आवाज चढवून नाही, समजावून सांगितल्यासारखं बोलले. मग मी लॅबच्या सरांना गाठलं, ते कन्नड, गेस्ट लेक्चरर. ते म्हणाले, एचओडी सरगे केळम्मा, म्हणजे विभागप्रमुखांना विचार, किल्ली माझ्या ताब्यात नाही. एचओडी म्हणाले प्रिन्सिपॉलना लेखी द्या. मी वहीतलं पान फाडून मराठीत चार ओळी लिहून ऑफिसात दिल्या, तिथल्या माणसानं ते पान टेबलावरच्या ढिगावर ठेवलं आणि नाळे बा, म्हणजे उद्या ये, म्हणाला. मी उद्या गेले, परवा गेले, आठवड्यानं गेले. तो कागद त्या ढिगात कुठं गेला ते कुणालाच माहीत नव्हतं. माझी पहिली चूक तीच होती, मी पोचपावती घेतलेली नव्हती. त्यात ते सेम संपलं, सुट्टी लागली, चौथं सेमही असंच विचारण्यात गेलं. 2023 च्या शेवटी गेस्ट लेक्चरर लोकांनी सेवेत कायम करा म्हणून राज्यभर क्लासेसवर बहिष्कार घातला होता तेव्हा तर लॅबचं दारच उघडत नव्हतं, कारण आमच्या कॉलेजात निम्म्याहून जास्त शिकवणारे गेस्टच आहेत.

मला मार्ग दाखवला लायब्ररीच्या मॅडमनी. मी त्यांच्याकडं रडगाणं गायला गेले होते खरं तर. त्यांनी त्यांच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर कॉलेजची वेबसाईट उघडली आणि नॅकला, म्हणजे कॉलेजांना ग्रेड देणाऱ्या संस्थेला, पाठवलेला रिपोर्ट काढून दाखवला. म्हणाल्या, हे कुणीही वाचू शकतं, वाच. त्यात चौथा विभाग इन्फ्रास्ट्रक्चरचा होता आणि 4.3 मध्ये आयटीची माहिती, तिथं एक आकडा द्यावा लागायचा, एकूण विद्यार्थी किती आणि विद्यार्थ्यांसाठी कॉम्प्युटर किती याचं प्रमाण. आमच्या कॉलेजचं होतं 612 विद्यार्थ्यांना 34 कॉम्प्युटर, म्हणजे अठरा जणांत एक.

मी ते वाचून बराच वेळ गप्प बसले. त्या 612 मध्ये मी होते. लॅब वापरणारे बीसीए आणि बीकॉमचे मिळून दोनशेच्या आसपास, मग बाकीचे चारशे कशाला मोजले? कागदावर प्रमाण काढताना आम्हाला धरलं होतं आणि खुर्चीवर बसायची वेळ आली की बीएला लॅब नाही. मॅडम म्हणाल्या, चिडू नको, हेच अर्जात लिही, पण नीट लिही. आणि रिकामा वेळ कुठला तो तू शोधून दे, ऑफिसला शोधायला लावू नको.

हे दुसरं वाक्य मी कधी विसरणार नाही.

मग पाचवं सेम चालू झाल्यावर एक आठवडा मी आणि माझी मैत्रीण (ती कन्नड, बैलहोंगलची, हॉस्टेलला राहते) लॅबच्या समोरच्या कट्ट्यावर पाळीपाळीनं बसलो. सोमवार ते शनिवार, दिवसाला सहा तास, एकूण 36. कुठल्या तासाला आत कोण आहे, किती कॉम्प्युटर चालू आहेत ते वहीत लिहायचं. अण्णा पहिल्या दिवशी विचारायला लागले काय लिहूल्यासा गं पोरीनो, मी खरं ते सांगितलं. 36 पैकी 15 तास लॅबला कुलूप होतं. दुपारी दीड ते साडेतीन तर मंगळवार, गुरुवार, शनिवार तिन्ही दिवस कुणीच नसायचं.

अर्ज कन्नडमध्ये द्यायचं ठरवलं. यावर आमच्या वर्गातल्या दोघातिघांनी मला बोल लावले, आपण मराठी, मराठीतच द्यायला पाहिजे म्हणून. त्यांचं म्हणणं मला पटत नाही असं नाही, पण माझा एक मराठी कागद आधीच ढिगात गेला होता आणि मला कॉम्प्युटर पाहिजे होता. मैत्रिणीनं लिहिला, मी शेजारी बसून एकेक ओळ समजून घेतली. मान्य प्रांशुपालरिगे, म्हणजे मा. प्राचार्यांना. विषय, विनंती हे शब्द तिकडंही तेच. कॉम्प्युटरला मात्र ते गणकयंत्र म्हणतात आणि आम्ही संगणक, त्यावर दोघी पाच मिनिटं बोलत बसलो. खाली बीएच्या तिन्ही वर्षांच्या 41 जणांच्या सह्या, मराठी, कन्नड, उर्दू तिन्ही लिपीत. सोबत तीन कागद जोडले, रिपोर्टमधल्या त्या पानाची झेरॉक्स, आमचा 36 तासांचा तक्ता आणि आम्ही काय जबाबदारी घेणार त्याची यादी. दोन प्रती केल्या. एक दिली, दुसरीवर इनवर्डचा शिक्का आणि नंबर मारून घेतला. शिक्का मारायला तो माणूस टाळाटाळ करत होता, आम्ही काही न बोलता काउंटरपाशी उभ्या राहिलो, वीस मिनिटांनी मारला.

अकराव्या दिवशी बोलावणं आलं. प्रिन्सिपॉल सर टेबलापलीकडं, एचओडी बाजूला, आम्ही चौघीजणी उभ्या. सरांनी पहिला प्रश्न विचारला तो लॅब कशाला पाहिजे हा नव्हता. ते म्हणाले, माऊस गेला तर कोण भरणार?

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की कुलूप कशामुळं असतं. सरकारी कॉलेजात प्रत्येक वस्तू डेड स्टॉक रजिस्टरला चढलेली असते, खुर्चीपासून कीबोर्डपर्यंत. ऑडिटला वस्तू दिसली नाही तर ज्याच्या ताब्यात ती होती त्याला उत्तर द्यावं लागतं. अण्णांच्या नावावर 34 कॉम्प्युटर होते आणि त्यांना रिटायर व्हायला तीन वर्षं राहिलेली. वस्तू बंद ठेवली तर कुणी काही विचारत नाही, वापरली आणि बिघडली तर विचारतात. माणूस कुलूपच लावणार. मला वाटायचं हे लोक आम्हाला कमी लेखतात. काही जण लेखतही असतील, पण जास्त करून ती भीती होती.

आम्ही यादी पुढं केली. आत जाताना आयडी कार्ड जमा करायचं, रजिस्टरला नाव, मशीन नंबर, आत गेल्याची बाहेर आल्याची वेळ आणि सही. दर दिवशी दोघी जबाबदार, बाहेर पडताना माऊस कीबोर्ड मोजून अण्णांची सही घ्यायची. पेनड्राईव्ह लावायचा नाही, फाईल स्वतःला मेल करायची. एचओडी म्हणाले हे रजिस्टर नॅकलाही दाखवता येईल सर, वापर दिसतो. मला वाटतं तिथं गाडी वळली. मंगळवार, गुरुवार, शनिवार, दीड ते साडेतीन, मागच्या रांगेतली आठ मशीन. सरांनी अर्जाच्या कोपऱ्यातच लिहून सही केली.

पहिल्या दिवशी आम्ही अकरा जणी आणि तीन पोरं होतो. निळं कव्हर काढताना धूळ उडाली ती अजून आठवते. आठातली सहाच मशीन चालू झाली आणि चालू झालेल्यांवर विंडोज 7. ब्राउझर उघडून परीक्षेचं पोर्टल टाकलं तर पान अर्धं येऊन थांबलं, जीमेल उघडेना, सर्टिफिकेटचे एरर. त्या मशीनवर क्रोम 109 होतं, विंडोज 7 ला ते शेवटचंच, 2023 च्या सुरुवातीनंतर पुढचं व्हर्जन त्याला मिळालंच नाही. म्हणून तर बीसीएवाले ती रांग वापरत नव्हते. वर्षभराची धडपड करून आत आलो आणि समोर काहीच उघडत नाही, एक ज्युनिअर मुलगी तर रडायच्या बेताला आलेली.

लॅबचे सर त्या दिवशी कॉलेजात होते, त्यांचा तास नव्हता तरी वर आले. खाली वाकून एका मशीनचं साईडचं झाकण काढलं, बघितलं, म्हणाले रॅम दोन जीबी आहे, दुसऱ्या बंद मशीनमधला दोन जीबी यात टाकला तर चार होईल आणि मग विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टीम चालेल, एक्सएफसीई वालं, हलकं असतं. पण पार्ट इकडचा तिकडं करायला परवानगी लागते, डेड स्टॉकला तो त्या मशीनच्या नावानं आहे. त्यांनी स्वतः नोट लिहून एचओडींची सही आणली, पुढच्या दोन शनिवारी थांबून पाच मशीनवर मिंट टाकलं. त्या शनिवारांचे त्यांना वेगळे पैसे मिळाले नाहीत. अण्णा त्यांच्या शेजारी उभं राहून कुठला रॅम कुठल्या मशीनला गेला ते रजिस्टरला लिहून घेत होते.

आता मला ज्यासाठी हे सगळं लिहायचं होतं ते.

मराठीच्या सरांनी मला शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट दिला होता, गावातल्या जात्यावरच्या ओव्या गोळा करायच्या आणि त्यातल्या बोलीवर लिहायचं. आज्जीकडनं आणि तिच्या बरोबरच्या दोघींकडनं मी दीडशेच्या वर ओव्या लिहून घेतल्या होत्या. सर म्हणाले टाईप करून दे. बेळगावात डीटीपीवाल्यानं पानाला चाळीस सांगितले, साठ पानं धरली तर चोवीसशे. आणि तो त्याच्या डीटीपीच्या फॉन्टमध्ये करणार, ती फाईल दुसरीकडं उघडली की नुसती चित्रविचित्र अक्षरं. शिवाय आज्जी म्हणते तसं 'पयली', 'ववी' लिहिलं की असे लोक ते सुधारून 'पहिली', 'ओवी' करतात, हे मैत्रिणीच्या बाबतीत झालेलं. मला तर तो 'पयली'च पाहिजे होता, प्रोजेक्टच त्याच्यावर होता.

लॅबमध्ये मराठी टाईप कसं करायचं मला माहीत नव्हतं. विंडोजवाल्या सगळ्या मशीनवर नुडी होतं, कर्नाटक सरकारचं कन्नड सॉफ्टवेअर, सगळ्या ऑफिसात तेच असतं. मी सरांना विचारलं सर, यात मराठी येतं काय. ते नुडीवर कीबोर्डकडं न बघता टाईप करतात, इतक्या वेगानं की मी नुसती बघत राहायची. त्यांनी मिंटच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये लेआऊटची यादी काढली, इंडियन म्हणून बऱ्याच ओळी आल्या आणि त्यात एक ओळ होती, मराठी, पुढं कगप, फोनेटिक. सर हसायला लागले. म्हणाले कगप माहीत आहे काय, कन्नड गणक परिषत. नुडी ज्यांनी बनवलं तेच. के. पी. राव यांनी आखलेला कन्नडचा कीबोर्ड, त्यावरनं नुडीचा आला, आणि त्याच पद्धतीत लिनक्सला मराठी, हिंदी, संस्कृत पण बसवलेलं आहे. म्हणजे माझी बोटं जिथं जातात तिथंच तुझी जाणार, अक्षर फक्त तुझं उमटणार.

त्यांनी माझ्या शेजारी बसून दाखवलं. के दाबला की क, शिफ्ट धरून के दाबला की ख. टी ला त, शिफ्ट टी ला थ. ट पाहिजे तर क्यू, ड पाहिजे तर डब्ल्यू, हे पाठच करायचं. एफ दाबला की पाय मोडतो. शिफ्ट एल म्हणजे ळ, आणि ळ दोघांचाही, कन्नडलाही आणि मराठीलाही. मी पहिली ओळ टाईप केली ती आज्जीची. पी, वाय, एल, मग शिफ्ट आय. पयली. एम, शिफ्ट ए, शिफ्ट जे, शिफ्ट आय. माझी. व्ही, व्ही, शिफ्ट आय. ववी. चौदा इंचाच्या त्या जुन्या मॉनिटरवर 'पयली माझी ववी' असं उमटलं, आज्जी बोलते अगदी तसं, कुणी सुधारलेलं नाही. सरांना मराठी वाचता येत नाही फारसं, त्यांनी एकेक अक्षर लावून वाचलं आणि विचारलं ववी म्हणजे काय. मी सांगितलं तर म्हणाले आमच्यातही जात्यावर म्हणतात, बीसुव पद म्हणतात त्याला, माझी आई म्हणायची.

लिब्रेऑफिस, म्हणजे टाईप करायचं फुकटचं सॉफ्टवेअर, मी आयआयटी बॉम्बेच्या स्पोकन ट्युटोरियलवरनं शिकले, ते मराठीत आहेत, फुकट आहेत, दहाबारा मिनिटांचा एकेक भाग, ऐकायचा आणि थांबवून थांबवून करून बघायचा. हेडफोन दादानं दिला. पहिल्या दिवशी दोन तासांत अकरा ओव्या झाल्या होत्या, महिन्यानं चाळीस व्हायला लागल्या.

लायब्ररी मॅडमनी आणखी एक केलं. एन-लिस्ट म्हणून असतं, गांधीनगरच्या इनफ्लिबनेटचं, कॉलेज वर्षाला फी भरतं आणि मग विद्यार्थ्यांना घरी बसून जर्नल्स, ई-बुक्स वाचायला मिळतात. आमचं कॉलेज फी भरत होतं पण आयडी फक्त शिक्षकांचे काढलेले. विद्यार्थ्यांची नावं आणि ईमेल मॅडमनी पाठवायचे, मग आयडी पासवर्ड मेलवर येतो, एवढंच काम. अडचण अशी की आमच्यातल्या निम्म्या मुलींचा स्वतःचा ईमेलच नव्हता, भावाच्या नाहीतर काकाच्या फोनमधला. एका रविवारी दादाला घरी थांबवून घेऊन मी माझा स्वतःचा काढला. खरं सांगायचं तर एन-लिस्टमध्ये मराठीचं फार काही नाही, इंग्रजीच जास्त, हिस्ट्रीला उपयोग झाला. मराठीसाठी शोधगंगा कामाला आलं, त्याला आयडीच लागत नाही, तिथं पीएचडीचे प्रबंध आहेत आणि मराठीतलेही भरपूर आहेत. हे मला कुणी पहिल्या वर्षी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं.

सगळं सुरळीत चाललं असं नाही. जानेवारीत एक माऊस गेला. मोजताना सात भरले, आठवा नाही. अण्णांचा चेहरा एवढासा झाला, आणि दुसऱ्या दिवशी लॅबला कुलूप. नऊ दिवस बंद. आम्ही रजिस्टर काढून त्या दिवशीच्या सगळ्यांना विचारलं, कुणी कबूल झालं नाही, शेवटी दहा दहा रुपये काढून अडीचशेचा माऊस आणून दिला, बिलासकट, आणि सगळ्या माऊसच्या वायरी टेबलाला प्लॅस्टिकच्या पट्टीनं बांधल्या. बिल अण्णांनी रजिस्टरला चिकटवलं. कुलूप निघालं. माऊस कुणी नेला ते आजही माहीत नाही आणि मला त्याचा अजून राग येतो, कारण नऊ दिवस म्हणजे चार लॅबचे दिवस आणि आमच्यातल्या दोघींचा स्कॉलरशिपचा फॉर्म त्यातच राहिला.

यूपीएसच्या बॅटऱ्या मेलेल्या आहेत, लाईट गेली की मशीन बंद. दर ओवीनंतर कंट्रोल एस दाबायची सवय लागली ती त्यामुळं. बसचंही आहे. साडेतीनला लॅब सुटते, चारची बस चुकली की आमच्याकडची पुढची साडेसहाला, घरी पोचायला अंधार. जून 2023 पासून शक्ती योजनेमुळं बायकांना तिकीट नाही, म्हणून निदान थांबायचं का जायचं हा पैशाचा प्रश्न राहिला नाही. ते तिकीट असतं तर आमच्यातल्या कितीतरी मुलींना घरातनं शनिवारी लॅबसाठी पाठवलंच नसतं.

प्रोजेक्ट एप्रिल 2025 ला दिला, 71 पानं, सगळी मी टाईप केलेली. प्रिंटचे दीडशे रुपये लागले. रजिस्टरला त्या वर्षात बीएच्या 96 जणांची नावं चढली, मी मोजली. अण्णांच्या मुलीचा एसएसपीचा फॉर्म आम्हीच भरून दिला, त्या दिवशी त्यांनी दीडच्या आधीच, एक वाजताच दार उघडलं होतं.

माझी डिग्री झाली आणि मी बाहेर पडले. यंदा ज्युनिअर मुलींचा फोन आला, लॅबला परत कुलूप आहे म्हणून. गेस्ट लेक्चररच्या नेमणुका दर वर्षी नव्यानं होतात, यंदा त्या आलेल्या नाहीत, सर नाहीत म्हणून लॅब नाही, आणि प्रिन्सिपॉलही बदललेत, त्यांना आधीची ऑर्डर माहीत नाही. मी त्यांना सांगितलं, जुन्या अर्जाचा फोटो माझ्याकडं आहे, कोपऱ्यातल्या सहीसकट, तो जोडा, रजिस्टरच्या मागच्या वर्षीच्या पानांच्या झेरॉक्स जोडा, परत एक आठवडा बसून रिकामे तास लिहून काढा. आणि दोन प्रती करा. परवा त्यांनी अर्ज दिला, 58 सह्या आहेत. शिक्का मारलेल्या प्रतीचा फोटो मला रात्री पाठवला, इनवर्ड नंबर स्पष्ट दिसतोय.